जाऊबाईंचा आडोसा

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे. खोकी फोडायची आहेत, पडदे नाहीत, शेगडी जोडायला माणूस उद्या येणार, तरी मी आज अशी खूश आहे की नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना तुला. घर लहान पण स्वच्छ. पुढे फाटक, मग बसायची खोली, मग झोपायच्या दोन खोल्या आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. त्याची खिडकी चांगली रुंद आहे. खिडकीबाहेर दोन खुर्च्या टाकण्यापुरतं परसू. भिंगरीने (वय वर्षं सहा, खरं नाव दुसरं आहे, पण एका जागी बसत नाही म्हणून हेच चिकटलंय) सगळ्या खोल्यांतून इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी तिलाच घेरी आली.

शेजारचं घर माझ्या मोठ्या दिरांचं. या घराची खबर त्यांनीच दिली. आम्ही गाडीतून उतरायच्या आत जाऊबाई फाटकाशी हजर होत्या, एका हातात चहाचा थर्मास आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. त्यांचा मुलगा वसतिगृहात राहून शिकतो. घर खायला उठतं म्हणाल्या, आता तुम्ही आलात, बरं झालं. नवरा म्हणाला, बघ, साखर संपली तर कुंपणावरून वाटी सरकवायची. मी म्हटलं, वाटी परत येते का तेवढं बघ. तिघेही हसलो. जेवणही छान होतं.

बुधवार, ६ मार्च

शेगडी लागली. पहिला चहा करताना खिडकीतून नीट बघितलं आणि चहाची चवच गेली.

आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या पाठीला एका मोठ्या सुपरमार्केटची पाठ लागलेली आहे. पुढून ते दुकान अगदी चकाचक आहे. आमच्या वाट्याला त्याची मागची बाजू आलीय: माल उतरवायचा फलाट, कचऱ्याचे डबे, आणि शीतगृहाचं यंत्र, जे सदान्‌कदा घरघरत असतं. नियम असा आहे की घरांना लागून दुकान काढलं तर मध्ये झाडांचा पट्टा राखायचा. मागे उंच झाडं, पुढे दाट झुडपं, म्हणजे घरांना दुकान दिसू नये. त्या पट्ट्याला इथे सगळे आडोसा म्हणतात.

आमच्या मागचा आडोसा म्हणजे वाळक्या काड्या. ट्रक मागे घेताना टीं टीं वाजतो तो सरळ माझ्या ओट्यावर. हमाल फलाटावर पाय सोडून सिगारेट ओढत बसतात आणि मी भाजी चिरते ते बघतात.

मग जाऊबाईंकडे डबा परत द्यायला गेले. आमच्या दोन परसांच्या मध्ये नुसती तार आहे, लहान मूल ओलांडेल अशी. पण त्यांच्या परसात पाय टाकला आणि कानांना दडे बसल्यासारखं झालं. ट्रक नाही, यंत्र नाही, काही नाही. त्यांच्या मागे आडोसा हा एवढा उंच, हात घालायला फट नाही, आणि त्यापुढे त्या निवांत खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेल्या. मला वाटायला हवं होतं की बरं झालं, निदान त्यांना तरी त्रास नाही. तसं वाटलं नाही. पोटात दुखलं. एकच दुकान, एकच माती, एकच माळी, आणि त्यांना ते नि आम्हाला हे.

शनिवार, ९ मार्च

दुकानाच्या मॅनेजरला भेटून आले. अगदी गोड माणूस, म्हणजे काही एक करणार नाही. त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यात आमच्या मागे हिरवे गोल काढलेले आहेत, म्हणजे त्याच्या लेखी आमच्याकडे झाडं आहेत. मी म्हटलं, गोलांमागून ट्रक दिसतो हो. तो म्हणाला, पुढच्या लागवडीत बघू. आणि निघताना वर म्हणतो कसा, शेजारच्या ताईंचा आडोसा बघा, काय सुरेख ठेवलाय, त्यांना विचारा. विचारते हं, आरती ओवाळून विचारते.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की वहिनीच्या हाताला गुण आहे, लहानपणी मला बरं नसलं तरी तिच्याच हातचं लागायचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता. तेव्हापासूनचं हे पुराण मला पाठ आहे.

गुरुवार, १४ मार्च

भिंगरी शाळेच्या बसमधून उतरली की आधी तिकडे जाते. काकूकडे झोका आहे. काकूकडे शांत असतं. काकू वेणी ओढत नाही. काकूने नखांना निळा रंग लावून दिला. मी म्हटलं, मीही लावला असता. तर म्हणाली, तुझा बाहेर जातो.

मी नोकरी सोडून इथे आले. बालवाडीत शिकवायचे, तीस पोरांच्या नखांना रंग लावायचे गॅदरिंगला. माझा बाहेर जातो म्हणे. हे लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा आलं नव्हतं.

मंगळवार, १९ मार्च

आज जाऊबाई आपणहून आल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या घेऊन. म्हणाल्या, मॅनेजरच्या भरवशावर बसलीस तर म्हातारी होशील, माझ्यातल्या फांद्या खोच, पटकन धरतात. या झुडपाच्या पानाची एक बाजू तुकतुकीत, आरशासारखी, आणि दुसरी मळकट, पांढुरकी. त्यांच्या आडोशाची सगळी पानं तुकतुकीत बाजू दुकानाकडे करून उभी आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढंच त्यांनी बजावून सांगितलं. फांदी खोचताना तुकतुकीत बाजू दुकानाकडेच ठेवायची. ज्याच्याकडे ती बाजू असते ते झाकलं जातं, म्हणाल्या, कुणाला दिसत नाही नि ऐकू येत नाही. दुकानाचा माळीही म्हणून घराच्या बाजूला येऊन कात्री लावत नाही, इकडे आला की त्याला दुकानच सापडत नाही. एकदा त्यांची एक फांदी उलटी लागली होती, आणि तिच्यासमोर ठेवलेली मुलाची सायकल कितीतरी दिवस सापडेना. चोरी झाली समजून बसले. फांदी उपटली तर सायकल तिथेच.

मी मान डोलावली. पहिली फांदी त्यांनीच लावून दाखवली, तुकतुकीत बाजू दुकानाकडे, मळकट माझ्याकडे. चहा घेऊन गेल्या.

बुधवार, २० मार्च

विचार करून करून अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या सांगण्याचा अर्थ काय, तर आरसा दुकानाला आणि मळकट पाठ मला. आयुष्यभर ओट्याशी उभी राहून मी पानांची पाठ बघू? सायकलीची गोष्ट तर मी बालवाडीतल्या पोरांनाही सांगितली नसती. सरळ आहे, माझा आडोसा त्यांच्यापेक्षा देखणा होऊ नये, एवढंच.

सगळे घराबाहेर पडल्यावर मी त्यांनी लावलेली फांदी उपटून फिरवून लावली. बाकीच्याही सगळ्या तशाच, तुकतुकीत बाजू माझ्या घराकडे. काही उरल्या त्या तारेच्या कडेने, त्यांच्या आणि माझ्या परसाच्या मध्ये खोचल्या. सारखं सारखं त्यांचं सुख कशाला बघायचं. लावून झाल्यावर चहा घेऊन खिडकीत उभी राहिले. अजून काड्याच आहेत, पण पानं माझ्याकडे बघतायत.

रविवार, ७ एप्रिल

काय वाढलाय माझा आडोसा. जाऊबाईंच्याला म्हणे वर्षं लागली, माझा माझ्या डोक्याच्या वर गेला. उन्हात सगळं परसू लखलखतं. नवराही बघत राहिला. कुंपणच शेत खायचं एक दिवस, म्हणाला, जरा आवर त्याला. पण खूश होता. भिंगरीने पानात तोंड बघून दात विचकले.

ट्रकचा आवाज मात्र येतो. यंत्राचाही. खरं तर जास्तच स्पष्ट येतो. पण दिसत तर नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज त्या तारेपाशी आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. तोंडचा रंग उडाला. किती बघावंसं वाटत होतं मला हे तोंड. म्हणाल्या, अगं उलटा लावलास, सगळा उलटा लावलास, उपट, आत्ता उपट, मी येते मदतीला. मी म्हटलं, ताई, तुमचा तुम्हाला लखलाभ, माझा मला. त्यांनी हात जोडले. जावेने जावेला हात जोडलेले मी तरी पहिल्यांदा पाहिले. इतकं जळतं माणसाचं. मी आत येऊन खिडकी लावून घेतली, आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत स्वयंपाक केला.

गुरुवार, २५ एप्रिल

गॅस सिलिंडरवाला सिलिंडर जाऊबाईंकडे ठेवून गेला. फोन केला तर म्हणतो, तुमचं घर सापडलं नाही. अरे, त्यांच्या शेजारचं घर, सांगितलं. तर म्हणे, त्यांच्या शेजारी झाडी आहे.

फाटकाशी जाऊन बघितलं. मागचा आडोसा बाजूने वळून पुढे यायला लागलाय खरा. नुसत्या खोचल्या होत्या त्या फांद्या, आणि आता तारेच्या कडेला माझ्या खांद्याइतकी भिंत आहे. एकाच जागी फांदी धरली नाही. तारेच्या कडेला, त्यांच्या दारासमोर, तेवढी एक फट आहे.

शुक्रवार, ३ मे

शाळेला यंदा सुट्टी उशिरा लागणार आहे. आज भिंगरी बसमधून उतरून घरी आलीच नाही. मी फाटकात उभी होते. बस माझ्यासमोरून पुढे गेली आणि काकूच्या फाटकाशी थांबली. मी हाका मारल्या. ती दप्तर उडवत आत पळाली.

जाऊन घेऊन आले, ओढतच आणली म्हणायला हरकत नाही. जाऊबाई मागोमाग त्यांच्या फाटकापर्यंत आल्या. घरी विचारलं, आई फाटकात उभी दिसत नाही का तुला. तर ओठ काढून म्हणाली की तिने बघितलं होतं, पण आपलं घर नव्हतं. हे कोणी शिकवलं तिला ते मला विचारायची गरज नाही.

शनिवार, ११ मे

भांडण. नवरा हात धुऊन सरळ दादाकडे जेवायला निघाला. मी म्हटलं, ताटं वाढलीत. त्याने वळूनही बघितलं नाही. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकला, आणि म्हणाला, कुठे होतीस, मला वाटलं बाहेर गेलीस. ओट्याशी होते. समोर होते. भाजीचा वास घरभर होता.

मग म्हणतो, वहिनी विचारत होती तुझ्याबद्दल, काळजीत आहे. वहिनी, वहिनी. मी ताट सिंकमध्ये आपटलं. तो म्हणाला, कसला आवाज झाला?

गुरुवार, १६ मे

भिंगरीच्या शाळेत गेले. तिच्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. नमस्कार म्हटलं. त्यांनी माझ्यातून पलीकडच्या घड्याळाकडे बघितलं आणि पेपर तपासत राहिल्या. मी टेबलावर हात आपटला. त्या उठून खिडकी लावून आल्या, वारा आहे म्हणून.

येताना रस्त्यात तीन माणसं धडकली. कुणीही सॉरी म्हटलं नाही.

आणि घराशी आले तर जाऊबाई त्यांच्या दारातून थेट माझ्या डोळ्यांत बघत होती. हात हलवला तिने. आली हाक मारत. साऱ्या जगात हिलाच मी दिसते. जी दिसू नये म्हणून भिंत लावली, तिलाच. मी धावत आत आले आणि कडी लावली.

सोमवार, २० मे

खरं लिहिते, भीती वाटतेय.

नवऱ्याला फोन केला, शेजारच्या खोलीतूनच. त्याने उचलला. हॅलो, हॅलो, म्हणाला, आणि बंद केला. मग दिरांना फोन लावून सांगत होता की बायको रुसून निघून गेलीय, येईल राग उतरला की, तिचा स्वभावच तसा आहे. मी त्याच्या दंडाला धरलं होतं तेव्हा. त्याने दंड खाजवला.

भिंगरीचे कपडे भरले त्याने. काही दिवस काकूकडे राहू म्हणाला. ती विचारत होती, आई कुठेय, आई कुठेय, आणि मी गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडासमोर तोंड धरून सांगत होते, इथे आहे, ही बघ. ती रडली. तिचं नाक मी पुसलं, आणि तिने परत पुसलं.

रविवार, २६ मे

जाऊबाई रोज फटीशी येते. आज पहिल्यांदा ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही.

ती म्हणते, आधी इकडच्या दारातून बघितलं की दिसायचीस, आता फक्त या फटीतून दिसतेस. ही बुजली की मलाही दिसणार नाहीस. म्हणते, घरात सगळ्यांना सांगितलं, कुणाचा विश्वास बसत नाही, दीर तुझे मला डॉक्टरकडे न्यायला निघालेत. म्हणते, आतून मुळासकट उपट, तू लावलेलं तुलाच निघेल. माझ्यावर राग आहे ना, असू दे, बाहेर ये आणि मग भांड.

मी कात्री घेऊन गेले होते. ती गेल्यावर. ती बघत असताना नाही, तेवढं सुख तिला द्यायचं नव्हतं. खोडं मनगटाएवढी झालीत. कात्रीचं पातं वाकलं. मुळं ओट्याखालच्या फरशीतून वर आलीत. सगळ्या पानांत मी दिसते, अगदी स्वच्छ दिसते. तिथे दिसते.

उगाच दोन महिने घालवले. तेव्हा उपटलं असतं तर हाताने निघालं असतं.

शनिवार, १ जून

पुढचं दार उघडलं तर पानं. फाटक कुठे ते कळत नाही.

आवाज सगळे येतात. ट्रक, यंत्र, हमालांचे विनोद. आणि तिकडचं सगळं. भिंगरीचा झोका करकरतो. नवरा हसतो, पूर्वी हसायचा तसा. ताटं मांडल्याचा आवाज. कोणी एक ताट जास्त मांडत नाही.

भिंगरी आज काकूला आई म्हणाली. चुकून. तर जाऊबाई म्हणाली, काकू म्हण गं, आई आहे तुझी. काय चांगुलपणा. माझ्याच मुलीला माझी ओळख ही सांगणार. मी भिंतीवर डोकं आपटलं, पण तिथे भिंत नाही, पानंच आहेत —

५ जून

भिंगरी विचारत नाही आता.

आठवडाभर विचारत होती. आता नाही. ऐकत बसते मी दिवसभर. एकदाही नाही.

८ जून

फट एका खांद्याएवढी राहिली.

जाऊबाई आली. रडत होती. आज मी बोलले. ताई म्हटलं. तिला बरंच ऐकू आलं बहुतेक, कारण तिने कान लावला आणि म्हणाली, आहेस, आहेस गं बाई. हात घालते, म्हणाली, धर, मी ओढते, कातडी सोलली तरी सोडणार नाही.

हात आला. दंडापर्यंत. ओरखडे, रक्त. हातावर भिंगरीच्या रंगाचे डाग, चित्र काढत बसल्या असतील दोघी. डबा घेऊन आला होता तोच हात. वेण्या घालतो तो. माझ्या पोरीला रोज आंघोळ —

धरला मी.

तिने ओढलं. थोडी निघाले मी, खरंच निघाले, ऊन लागलं तोंडाला. झोका दिसला. माझ्या नवऱ्याचा शर्ट तिच्या दोरीवर वाळत होता. तिच्या साडीशेजारी.

मग मी ओढलं.

तीच तारीख असेल

मी एकटीने का. हाच विचार होता. दुसरा नव्हता.

आत आहे ती. ओट्याशी बसलीय गुडघे पोटाशी घेऊन. शिव्या नाही दिल्या. एकदाच म्हणाली, आता भिंगरीला कोण बघणार.

मला नाही विचारलं, तू कशी आहेस. भिंगरीला कोण बघणार म्हणे.

रविवार

तिकडे शोधाशोध. दीर सगळ्या ओळीत हाका मारत फिरतायत. नवरा म्हणाला, वहिनीपण? आणि रडला. मी गेले तेव्हा रडला नव्हता. रुसली म्हणाला होता. वहिनीसाठी रडला.

जाऊबाई ऐकत होती. माझ्याकडे बघितलं तिने. कीव करून. माझी कीव —

सांगते की एकच गोष्ट कर, फट पूर्ण बुजू दे, भिंगरीला इकडे येऊ देऊ नको. ती शोधत येईल, म्हणते. मला ओळखते ती.

मला ओळखते, म्हणते.

सोमवार

फट हाताएवढी. लहान हाताएवढी.

चपला वाजतायत. भिंगरीच. उड्या मारत येते तशी. थांबली —

हाक मारतेय. काकू. काकू, कुठे लपलीस.

आई नाही. काकू.

जाऊबाई ओरडतेय, मागे हो, घरी जा, बाळा घरी जा. काही जात नाही पलीकडे. घसा फुटला तिचा.

हात आत आला. कोपरापर्यंत. निळी नखं. कुठेही बाहेर गेलेला नाही रंग.

काय करायचं ते मला माहीत आहे. तळव्याने हळूच बाहेर ढकलायचा. एवढंच. ती रडेल, आणि जाईल. मोठी होईल. बाप आहे, काका आहे. लोक तिला बघतील. कुणी तरी तिची वेणी —

कुणी तरी. मी नाही.

जाऊबाईने माझे पाय धरलेत. नको, नको म्हणते. तुझीच आहे ती, म्हणते, तुझीच आहे, म्हणून सोड.

आत आली तर माझीच. दुसऱ्या कुणाला दिसणार पण नाही. कुणाचीच काकू नाही, कुणी —

बोटं चाचपतायत. माझ्या बोटांना लागली. किती गरम. किती दिवसांनी —

हसली. सापडलीस काकू, म्हणाली.

मी तिचा हात